गच्चीवरचे एक झाड आणि कायद्याचा हिशेब

गेल्या वर्षी पितृपक्षातली गोष्ट. पाण्याच्या टाकीतला बॉल बिघडला म्हणून सकाळी गच्चीवर गेलो होतो. गुडघ्यांमुळे हल्ली मी फारसा वर जात नाही. गच्ची हा आमच्या सौ.चा प्रांत. दोनशे लिटरचा निळा ड्रम मधोमध कापून त्यांनी दोन मोठ्या कुंड्या केल्या आहेत, त्यात वर्षभर स्वयंपाकघरातला ओला कचरा मुरवून माती तयार करतात आणि टोमॅटो, कारली, घेवडा असे काहीबाही लावतात. त्यातल्या एका अर्ध्या ड्रममध्ये माझ्या डोक्याच्या वर गेलेले, झाडासारखे पसरलेले काहीतरी उभे होते. बांबूचा आधार दिलेला, जुन्या साडीच्या काठाने नीट बांधलेले.

"अहो, अंबाडी आहे ती," सौ. म्हणाल्या. "आपोआप आली मे महिन्यात. यंदा किती फोफावलीय बघा. पण पानं काही आंबट लागत नाहीत."

मी जवळ गेलो, वास आला, आणि माझे पाय लटपटले. कारण हे झाड मी त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीत मुलीकडे गेलो असताना पाहिले होते. ती अंबाडी नव्हती, गांजा होता.

सौ.ना दोष देता येत नाही. अंबाडीचे शास्त्रीय नावच 'हिबिस्कस कॅनाबिनस', म्हणजे गांज्यासारख्या पानांची, असे आहे. लांबून दोन्ही पाने हाताच्या पंजासारखीच दिसतात. फरक जवळून कळतो. अंबाडीचे पान एकसंध असून त्याला खोल खाचा असतात, चव आंबट, खोडावर बारीक काटे, आणि फूल पिवळे, मध्यभागी गडद. गांज्याच्या पानात पाच, सात किंवा नऊ वेगवेगळी पाती एकाच देठातून निघतात, प्रत्येकीच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, आणि फुलाला पाकळ्याच नसतात. शेंड्याला हिरवे, चिकट, उग्र वासाचे झुपके येतात. आमच्या झाडाला ते झुपके नुकतेच येऊ लागले होते.

वरच्या खोलीत दोन मुले भाड्याने राहत होती. इंदूरमध्ये शिकायला आलेली, चांगल्या घरची. विचारले तर एक म्हणाला, "काका, ते आपोआप आलंय." दुसरा खाली मान घालून उभा. खोली बंद करून दोघांशी काय बोललो ते असू द्या. पण त्या संध्याकाळी मी माझ्या साडूंना फोन केला. ते वकील आहेत. त्यांनी जे सांगितले त्यामुळे मला चार रात्री झोप लागली नाही, आणि त्यामुळेच हा लेख लिहीत आहे. आपल्या मंडळातल्या अनेकांची घरे मोठी आहेत, मुले बाहेरगावी, वरचा मजला भाड्याने दिलेला. हे कोणाच्याही घरी होऊ शकते.

१९८५ चा जो अमली पदार्थविरोधी कायदा आहे, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याच्या कलम २० चे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागात गांजा बाळगणे, विकणे, नेणे वगैरे येते, आणि तिथे वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या आहेत. एक किलोपर्यंत 'अल्प मात्रा', शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोपेक्षा अधिक म्हणजे 'व्यापारी मात्रा', शिक्षा दहा ते वीस वर्षे. मधल्यांना दहा वर्षांपर्यंत. बँकेच्या कर्जमंजुरीच्या अधिकारांसारखी ही स्लॅबची पद्धत मला लगेच समजली. पण पहिला भाग लागवडीचा आहे, आणि तिथे स्लॅबच नाही. कॅनॅबिसचे कोणतेही झाड लावले, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एक कुंडी असो की दहा एकर, तरतूद तीच. शिक्षा किती द्यायची हे न्यायाधीश ठरवतील, कमीही देतील, पण कायद्याच्या पुस्तकात कुंडी आणि शेत यांत फरक नाही. म्हणजे तयार गांज्याची अर्ध्या किलोची पिशवी घेऊन एखादा पकडला गेला तर त्याला एक वर्षाची कमाल मर्यादा, आणि ज्याच्या कुंडीत वीतभर रोप आहे त्याला दहा वर्षांची!

"पण लावलं कोणी?" मी साडूंना विचारले.

"तेच तर," ते म्हणाले. "पाणी कोण घालत होतं? खत कोणी दिलं? काठी कोणी बांधली?"

मी गप्प. माती सौ.ची, पाणी सौ.चे, साडीचा काठसुद्धा सौ.चाच.

त्यांनी पुढे समजावले. रानात आपोआप उगवलेल्या झाडाबद्दल कोणाला शिक्षा होत नाही, लागवड सिद्ध व्हावी लागते. पण अर्ध्या ड्रमातल्या, बांबूला बांधलेल्या झाडाला रान कोण म्हणेल? शिवाय कलम ३५ म्हणते की आरोपीला माहिती होती, त्याचा हेतू होता, असेच न्यायालय धरून चालेल. माहीत नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे, तेही जराही वाजवी शंका उरणार नाही इतक्या ठामपणे. आणि मी, घरमालक? कलम २५ प्रमाणे आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीवर अशी लागवड असल्याचे कळले की ताबडतोब पोलिसांना कळवणे हे जमीनधारकाचे कर्तव्य, माहीत असून न कळवणे हाही गुन्हा. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की जामिनाच्या ज्या अतिकडक अटी आहेत त्या व्यापारी मात्रा आणि आणखी दोन-तीन कलमांपुरत्या आहेत, एका झाडाला त्या लागू होत नाहीत.

त्या झाडाचे पुढे काय झाले ते मी इथे लिहीत नाही. साडूंचा तसा सल्ला आहे.

आता जर्मनीचे सांगतो. मुलगी राहते त्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ आहेत, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे. त्यांच्या मागच्या छोट्या बागेत टोमॅटोच्या ओळीला लागून एका भल्यामोठ्या कापडी कुंडीत हे झाड होते, सहा फुटांचे तरी. आमची रोज सकाळी नमस्कार-चमत्काराची ओळख. मोडक्या इंग्रजीत त्यांनी मला सगळा प्रकार समजावला, अगदी आपल्याकडचे लोक गुलाबाबद्दल बोलतात तसा. झाड एक वर्षाचेच असते. दिवस मोठे असेपर्यंत नुसते वाढत जाते, दिवस लहान होऊ लागले की फुलायला लागते. कुंडी जेवढी मोठी, तेवढा मुळांना वाव आणि तेवढे झाड मोठे. उन्हाळ्यात रोज पाणी लागते. नर झाड वेळीच उपटून टाकायचे, नाहीतर मादीला बिया धरतात. माझ्या डोक्यात आले, इतकी निगा मी माझ्या मुदत ठेवींचीही ठेवली नाही.

हे सारे उघडपणे चालले होते, कारण जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. प्रौढ व्यक्तीला आपल्या राहत्या जागी एका वेळी तीन झाडे लावता येतात. अट अशी की मुलांच्या किंवा परक्याच्या हाती लागणार नाहीत अशी ती सुरक्षित ठेवायची आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ द्यायचा नाही. घरचा माल विकायचा तर नाहीच, शेजाऱ्याला फुकटही द्यायचा नाही. बाहेर जवळ २५ ग्रॅम, घरात सुकवलेला ५० ग्रॅम, एवढीच मुभा.

बँकेत जन्म काढलेल्या माणसाला इथे खटकते. तीन झाडांना परवानगी आणि घरात ठेवायला ५० ग्रॅम! एका मोठ्या कुंडीतल्या चांगल्या वाढलेल्या झाडापासून सुकलेला माल काही शे ग्रॅम सहज निघतो. उरलेल्याचे काय? नष्ट करायचा, असे तिथले सरकार म्हणते. त्या गृहस्थांना हे विचारले तर त्यांनी नुसतेच आकाशाकडे पाहिले. म्हणजे जमा बाजू झाडांत मोजायची, नावे बाजू ग्रॅममध्ये, आणि ताळेबंद जुळलाच पाहिजे. आमच्या काळात असा ताळेबंद शाखेतून वर पाठवला असता तर दुसऱ्या दिवशी परत आला असता. कायद्याने झाडांची संख्या बांधली की लोक एकेक झाड जास्तीत जास्त मोठे करतात, हा साधा मनुष्यस्वभाव आहे. रेशनवर पिशव्या मोजल्या तर लोक पिशवी मोठी आणतील.

कॅनडाच्या सरकारला हे आधी सुचले होते. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून एका घराला चार झाडांची मुभा आहे (माणशी नव्हे, घराला). मूळ विधेयकात झाडाची उंची १०० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी अशीही अट होती. संसदेच्या समितीने ती काढून टाकली. फूटपट्टी घेऊन लोकांच्या परसात कोण फिरणार? आणि एक रात्र पाऊस पडला, झाड चार बोटे वाढले, तर घरमालक गुन्हेगार? काढली ते बरेच केले. पण त्याच कॅनडात क्वेबेक प्रांताने घरी एकही झाड लावायला बंदी केली, कारण त्यांना विक्री सरकारी दुकानांतूनच हवी होती. ते प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने क्वेबेकची बंदी वैध ठरवली. एकाच देशात एका प्रांतात चार, शेजारच्या प्रांतात शून्य.

थायलंडची तऱ्हा तर सर्वांत न्यारी. जून २०२२ मध्ये त्यांनी कॅनॅबिस अमली पदार्थांच्या यादीतून काढले आणि घरोघरी लावण्यासाठी सरकारतर्फे दहा लाख रोपे वाटण्याची घोषणा केली. मागून नियम करू, आधी रोपे वाटू. दुकाने इतकी फोफावली की तीन वर्षांत, जून २०२५ मध्ये, विक्रीला डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. आधी कर्ज वाटायचे आणि मग कागदपत्रे मागायची, याचा शेवट काय होतो ते आम्हा बँकवाल्यांना कोणी सांगायला नको.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी हा परिच्छेद मुलांना जरूर वाचून दाखवावा. तिथे कॅलिफोर्नियात घरी सहा झाडे लावायला परवानगी आहे. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी वस्ती भरपूर, दुकानात गांजा कायदेशीर मिळतो पण घरी एक झाड लावणे हा गुन्हा आहे. आणि राज्याचा कायदा काहीही म्हणो, केंद्राच्या कायद्यात त्याला मुभा नाही. नागरिकत्वाचे अर्ज तपासणाऱ्या खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्टच सांगितले आहे की राज्यात कायदेशीर असले तरी गांज्याशी संबंधित कृती अर्जदाराच्या सद्वर्तनाच्या अटीआड येऊ शकते. म्हणजे शेजारचा गोरा माणूस बाल्कनीत कुंडी ठेवील आणि त्याला काही होणार नाही. आपल्या व्हिसावरच्या किंवा ग्रीन कार्डवरच्या मुलाने ठेवली तर दहा वर्षांची तपश्चर्या पाण्यात जाऊ शकते. मुले म्हणतील, बाबा, इथे चालतं. चालतं, पण कोणाला, ते विचारा.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या लहानपणी सरकारी परवान्याचे भांग-गांज्याचे दुकान हा गावातला नेहमीचा प्रकार होता. आजी त्या रस्त्याने जाऊ देत नसे, एवढेच. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये एक मोठा आयोग नेमून या सर्वाची चौकशी केली होती आणि माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, म्हणून सरसकट बंदी नको, कर आणि परवाने हवेत, असा निष्कर्ष काढला होता. त्या काळात मध्य प्रांतातली गांज्याची परवान्याची लागवड आपल्या शेजारच्या खंडवा भागात होत असे, आणि मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगरकडे. नंतर १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला, त्याने पारंपरिक सेवन बंद करायला २५ वर्षांची मुदत दिली, आणि १९८५ मध्ये आपण कायदा केला. भारताने तेव्हा एक पळवाट मात्र राखली. गांज्याच्या व्याख्येत फुलोरा येतो. त्याच्यासोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया येत नाहीत. म्हणूनच भांग अजून ठेक्यावर मिळते आणि उज्जैनला महाकाळाला भांगेचा शृंगार होतो.

म्हणजे आज स्थिती अशी आहे. त्या झाडाची पाने परवान्याच्या दुकानात विकत मिळतात. त्याच्या बिया २०२१ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत खाद्य म्हणून बसल्या आहेत, त्यांचे तेल बाटलीत मिळते. उत्तराखंडात २०१८ पासून धाग्यासाठी लागवडीचे परवाने देतात, अट एवढीच की नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत हवा. हिमाचलच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीची शिफारस करणारा अहवाल स्वीकारला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात कॅनॅबिसला सर्वांत कडक यादीतून वगळण्याच्या बाजूने २७ विरुद्ध २५ असे मतदान झाले, त्या २७ मध्ये भारत होता. आणि गच्चीवरच्या ड्रमातल्या एका झाडाला मात्र दहा वर्षे.

कोणी म्हणेल, ढिलाई दिली की सगळे हाताबाहेर जाईल. मला ते पटत नाही, कारण मी नोकरीची पाच वर्षे मंदसौर जिल्ह्यात काढली आहेत. अफू तर गांज्यापेक्षा कितीतरी भयंकर, पण तिथे तिची शेती सरकारच करवते. पट्टा मिळालेल्या शेतकऱ्याची जमीन आरी-आरीने मोजली जाते, नार्कोटिक्सचे अधिकारी शेतात येऊन पीक बघतात, चीक सरकारी तोलावर जातो, ठरलेल्यापेक्षा उतारा कमी आला तर पुढच्या वर्षी पट्टा जातो. त्या खात्याचे मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरला आहे. चोरी होत नाही असे नाही, होते, आणि मी ती कोणत्या दिमाखाने होते तेही पाहिले आहे. पण मोजायचे ठरवले तर हे सरकार पीक मोजू शकते, लहान-मोठे पट्टे वेगळे ठेवू शकते. मग एक कुंडी आणि दहा एकर यांत फरक करणे जमणार नाही असे कसे म्हणता येईल?

कोणी गैरसमज करून घेऊ नये. मी गांज्याचा पुरस्कर्ता नाही. कोवळ्या वयात हे व्यसन मेंदूवर काय परिणाम करते ते डॉक्टर सांगतातच, आणि एका सहकाऱ्याचा मुलगा त्यातून मानसिक आजारात गेलेला मी जवळून पाहिला आहे. घरी तीन झाडांचा जर्मन परवाना आपल्याकडे यावा असेही मला वाटत नाही. आपल्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत आणि मुलांपासून सुरक्षित ठेवण्याची अट इथे कोण तपासणार? माझी मागणी लहान आहे. बाळगण्याला जशा मात्रेच्या पायऱ्या आहेत, तशा लागवडीलाही असाव्यात. एक-दोन झाडे, विक्रीचा पुरावा नाही, अशा प्रकरणात झाड उपटावे, दंड करावा, पोराला समुपदेशनाला पाठवावे. त्याच्या नावावर असा गुन्हा लागला की ना सरकारी नोकरी, ना पासपोर्टची खात्री. वीस वर्षांच्या मूर्खपणाला हे व्याज फार आहे, चक्रवाढीने वाढणारे.

तोवर, मंडळी, महिन्यातून एकदा गच्चीवर चढा. गुडघे दुखले तरी चढा. मी भाडेकरारात आता एक ओळ वाढवली आहे की घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय गच्चीवर काहीही लावू नये. नवीन भाडेकरूंनी ती वाचून विचारले, "काका, तुळससुद्धा नाही?" तुळस चालेल, म्हटले. जुनी दोन्ही मुले दिवाळीपूर्वी खोली सोडून गेली. जाताना त्यातला खाली मान घालणारा सौ.च्या पाया पडला. त्यांना अजून वाटते की झाड मी उगाचच, वासाला कंटाळून काढले. अंबाडी आता त्या मंडीतूनच आणतात, आणि पान तोंडात घालून आंबट लागले तरच घेतात.

जर्मनीतल्या त्या झाडाशेजारी उभा असलेला माझा एक फोटो मोबाइलमध्ये आहे. मुलगी म्हणते, बाबा, तो काढून टाका. फोटो ठेवणे गुन्हा नाही, एवढे मी साडूंना विचारून ठेवले आहे.